हिरव्या नदीची माहेरवाशीण

मैत्रिणींनो, मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी तवा येतो, खरं ना? मी तर मालवणची! त्यामुळे लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, फेब्रुवारीत ये, तुला मासे गरवायला नेते," तेव्हा मी बॅगेत आगळ आणि घरचा मसाला आठवणीनं भरला. त्या मसाल्याचं पुढं काय झालं, तीच ही गोष्ट.

लेक अमेरिकेत सिॲटलला असते. तिथून मोटारीसकट बोटीत चढून पलीकडे उतरायचं आणि मग डोंगर-समुद्राच्या कडेनं जायचं. चारेक तासांनी ऑलिम्पिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेला फोर्क्स नावाचं लहानसं गाव लागतं. पाऊस आपल्या कोकणासारखाच, वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. पण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला ऐन थंडीत दिवसचे दिवस रिपरिपत राहतो.

जवळच 'हो' नदी आहे. नावच 'हो'! ती ऑलिम्पस पर्वताच्या हिमनद्यांतून येते, म्हणून पाणी दुधाळ हिरवं. काठावर आभाळाला टेकलेली सिटका स्प्रूसची झाडं आणि मेपलच्या फांद्यांवरून लोंबणारं शेवाळ. उन्मळून पडलेल्या खोडावर नवी रोपं रांगेनं उगवतात. मेलेलं झाडही लेकरं सांभाळतं म्हणा ना!

या नदीत हिवाळ्यात येते ती स्टीलहेड. जन्म नदीतला. दोन-तीन वर्षांची झाली की समुद्रात जाते, तिथं मोठी होते आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येते. म्हणजे बाळंतपणाला माहेरी! तिथला सामन मासा अंडी घातली की मरतो. स्टीलहेडपैकी काही मात्र जगतात, समुद्रात परततात आणि पुन्हा येतात. अशा पुन्हा येणाऱ्यांत बहुतेक माद्याच असतात.

लेक हे सांगत होती आणि मी गप्प झाले. तिचं बाळंतपण माहेरी झालं नव्हतं. नोकरी, रजा, नाना अडचणी. डिंकाचे लाडू घेऊन मीच तिकडे गेले होते. तीन वर्षं झाली, पण तो सल काही गेला नव्हता.

सकाळी ती छातीपर्यंतची विजार चढवून बर्फासारख्या पाण्यात उतरली. हातात १३ फुटांची काठी, गळाला आमिष नाही, नुसती जांभळी-केशरी पिसं बांधलेली. दोर पलीकडे फेकायचा, प्रवाहानं तो सावकाश फिरत काठाशी येऊ द्यायचा, एक पाऊल पुढं सरकायचं, पुन्हा फेकायचा. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, म्हणून पिसं खोल आणि हळू जायला हवीत. नातू, जावई आणि मी काठावर थर्मासमधला चहा पीत बसलो. पहिला दिवस कोरडा गेला. म्हणजे मासा नाही, आम्ही चिंब!

दुसऱ्या दुपारी काठी वाकली. दहा मिनिटांच्या झटापटीनंतर चारेक किलोची चंदेरी मादी काठाशी आली. मी म्हटलं, "घे गं वर!" लेकीनं तिला पाण्यातच धरलं, हळूच गळ काढला आणि हात सैल सोडले. गेली!

"अगं, सोडलीस काय?"

"आई, ही रानातली आहे. शेपटीजवळचा छोटा पर शाबूत आहे बघ. पैदास केंद्रातल्या माशांचा तो कापलेला असतो, तेवढेच घरी न्यायचे. हिला पाण्याबाहेर उचलायचीसुद्धा बंदी आहे. पोटात अंडी आहेत तिच्या. आता फार थोड्या उरल्यात गं."

मला माझी तव्याची घाई आठवून ओशाळल्यासारखं झालं.

परतताना एल्व्हा नदीवर थांबलो. तिच्यावर १९१३ आणि १९२७ साली दोन धरणं पुरी झाली, माशांना वर जायला वाट न ठेवता. जवळजवळ शंभर वर्षं माहेरची वाट बंद! २०११ ते २०१४ दरम्यान दोन्ही धरणं पाडली आणि स्टीलहेड पुन्हा वरपर्यंत जाऊ लागली. वाट तेवढी मोकळी हवी, लेकी येतात.

कधी जाणार असाल तर सुती कपडे नेऊ नका. भिजले की अंगाला गारठा चिकटतो. लोकरीचे कपडे, चांगला रेनकोट आणि गमबूट हवेतच. गळ टाकायचा तर परवाना काढा आणि त्या मोसमाचे नियम आधी पाहा. ते बदलत असतात.

आणि मसाला? त्या रात्री तो बटाट्याच्या कापांना लागला. काप तव्यावर उलटता उलटता लेक म्हणाली, "आई, मे महिन्यात येऊ का गं मालवणला? ह्याला खाडीवर गरी टाकायला शिकवायचीय." मी नुसतं 'हो' म्हटलं, त्या नदीसारखं.