ईदच्या दुसऱ्या दिवशी

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला झाली. २२ च्या पहाटे चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी शिरले. वाटायचे राहिलेले गोश्त आमच्या फ्रिजमध्ये होते. थोड्या वेळाने फ्रिजच आडवा होऊन तरंगू लागला. आम्ही सातजण माडीवर. त्यांत सूनबाईला नववा महिना.

वीज गेली, मग मोबाईल मुके झाले. त्याआधी मुंबईच्या मामूंशी एकदाच बोलणे झाले. "घाबरू नका, मिलिटरी निघाली असेल," ते म्हणाले. दिवसभर आम्ही कान देऊन बसलो. संध्याकाळी सूनबाईच्या पोटात दुखू लागले तेव्हा अम्मींनी खिडकीतून पांढरी ओढणी हलवायला घेतली. ती दिसली गोवळकोटकडून आलेल्या एका होडीला. होडीतले दोघे आमच्या ओळखीचेही नव्हते. त्यांनी दोघींना उतरवून उंचावरच्या वस्तीत नेले. अल्लाह त्यांचे भले करो.

रात्र उलटल्यावर नारिंगी कपड्यांतले जवान रबरी बोटीतून आले. आम्ही ओरडलो, "मिलिटरी आली!" त्यांतला एक अब्बांना हसून म्हणाला, "चाचा, मिलिटरी नहीं, एनडीआरएफ."

हा फरक तोवर आम्हाला ठाऊकच नव्हता. एनडीआरएफ २००६ मध्ये उभे राहिले, २००५ च्या आपत्ती कायद्यानुसार. जवान सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस यांसारख्या दलांतले, कारभार गृहखात्याचा. आपल्याकडची बटालियन पुण्याजवळ. लष्कर स्वतःहून निघत नाही. जिल्ह्यात सूत्रे कलेक्टरांच्या हाती. आपले बळ अपुरे पडते असे मुलकी प्रशासनाला वाटले, की लष्कराला बोलावणे जाते. जवानांना हुकूम मात्र त्यांच्याच अधिकाऱ्याचा, आणि काम आवरले की ते परत. त्या पुरात लष्कर, नौदल, तटरक्षक दल सगळेच जिल्ह्यात आले. पण कुठल्या माडीवर कोण अडकले आहे, हे पुण्या-मुंबईहून आलेल्याला कसे कळावे? आमच्या गल्लीत त्यांच्या बोटीच्या पुढे शेजारचा मुलगा बसला होता. विजेच्या तारा कुठे, उघडे गटार कुठे, कोणत्या घरात म्हातारी एकटी, हे त्याला पाठ.

त्या मुलानेच पुढच्या मे महिन्यात गल्लीची यादी केली: म्हातारे, आजारी, गरोदर बाया, कोणाला पोहता येते, होडी कोणाकडे. एक प्रत मशिदीत, एक देवळाच्या पुजाऱ्यांकडे, एक सरकारी कार्यालयात. तिथल्या साहेबांनी पहिल्या वर्षी ती न वाचताच फायलीत घातली. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघे गेलो आणि समोर बसून वाचायला लावली. चहाही मिळाला.

सूनबाईला पाच दिवसांनी मुलगी झाली. यादीत आता तिचेही नाव आहे, 'पोहता येत नाही' या रकान्यात. अब्बांचेही त्याच रकान्यात घातले, म्हणून ते अजून रुसलेले आहेत.