पडणाऱ्याचे काम

दूरचित्रवाणीवरील नटांच्या मुलाखती वाचण्याची मला पूर्वी फारशी हौस नव्हती. केशकर्तनालयात पाळी येईपर्यंत जी पुरवणी हाती लागेल ती चाळावी, एवढाच काय तो माझा त्या वाङ्मयाशी परिचय. परंतु त्या अल्प परिचयातही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. नट कोणताही असो, तो बहुधा तीनच गोष्टी सांगतो. या व्यवसायात आपण ठरवून आलो नाही, योगायोगाने आलो, ही पहिली. मालिकेतील सहकारी म्हणजे आपले दुसरे कुटुंबच, ही दुसरी. आणि आपण नट झालो नसतो तर खेळाडू झालो असतो, ही तिसरी. इंग्रजी शिकविण्यात ज्याचे केस पिकले त्या माणसाला ठराविक उत्तरांचा मोठा तिटकारा असतो, कारण वर्षातून दोनदा तीच उत्तरे तो शेकड्यांनी तपासत असतो. तेव्हा या तिन्ही वाक्यांना मनातल्या मनात दहापैकी दोन गुण देऊन मी पुरवणी मिटवीत असे.

तिसऱ्या वाक्याचे मला विशेष हसू येई. नटमंडळींना खेळाची ही ओढ असते हे मात्र खरे. लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश देशमुख यांचेच पाहा. नटांच्या क्रिकेट सामन्यांत त्यांनी ‘वीर मराठी’ संघाचे कर्णधारपद केले. २०२२ सालच्या ‘वेड’ या चित्रपटात ज्याचा खेळ अर्ध्यावर सुटला अशा क्रिकेटपटूची भूमिका केली. आणि २०२४ साली ‘बिग बॉस मराठी’चे सूत्रसंचालन करून ते आमच्या घरोघरच्या पडद्यावरही आले. खेळ आणि सोंग यांचे हे नाते कोठून येते, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो करायला मला माझ्या थोरल्या बंधूंनी लावले, आणि तेही आपण काही शिकवीत आहोत याची त्यांना यत्किंचितही जाणीव नसताना.

अण्णा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. निलंगा तालुक्यातील आमच्या गावी ते शेती करतात. १९६९ साली आमच्याच तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार ‘महाराष्ट्र केसरी’ झाले, तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतील प्रत्येक बापाला आपल्या पोराच्या दंडाकडे पाहण्याचा नाद लागला होता, असे आई सांगते. आमच्या वडिलांनीही १९७० साली सोळा वर्षांच्या अण्णांना कोल्हापूरच्या एका तालमीत नेऊन घातले. दोन वर्षांनी ते परत आले. डाव्या गुडघ्याने दगा दिला, असे घरात सांगितले जाई. मी तेव्हा चार वर्षांचा. मला आठवतात ते उंबरा ओलांडताना डाव्या गुडघ्यावर हात टेकणारे अण्णाच. १९७७ साली बिराजदारांनी बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालला हरविले, त्या बातमीने सारे गाव नाचत होते. अण्णा मात्र त्या दिवशी रोजच्यासारखे औत घेऊन रानात गेले आणि दिवेलागणीनंतर परतले. मी पुढे शिकलो आणि नांदेडला प्राध्यापक झालो. अण्णांविषयी मला आदर होता. परंतु खरे सांगायचे तर त्या आदरात थोडी कीवही मिसळलेली होती. एका खेळात अपेशी ठरलेला माणूस, अशीच त्यांची मूर्ती माझ्या मनात होती.

२०१७ सालच्या दिवाळीनंतर हृदयविकारावरील उपचारासाठी अण्णा माझ्याकडे नांदेडला महिनाभर राहिले. वैद्यांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ चालण्यास सांगितले होते. गोदावरीच्या घाटापर्यंत ते एकटे जात, परत येत आणि साडेसात वाजले की दूरचित्रवाणीसमोर बसत. त्या वेळी झी मराठीवर ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका लागे. मौज अशी की, २०१६च्या एप्रिलात लातूरकरांना पिण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच बाजूने हा एक पैलवान आमच्या घरात आला! कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातील वाडा, त्यातील राणा नावाचा भोळा, लाजाळू मल्ल आणि त्याला भेटलेली अंजली नावाची शिक्षिका, एवढे त्या कथेचे मूळ. राणा झाले होते हार्दिक जोशी आणि अंजली अक्षया देवधर. शेजारच्या खोलीत मी हिवाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत बसे, आणि त्या पार्श्वसंगीताने माझ्या तांबड्या शाईची धार अधिकच तीक्ष्ण होई.

एका संध्याकाळी अण्णांचे हसणे ऐकून मी बाहेर आलो. पडद्यावर कुस्ती चालली होती. मी किंचित कुचेष्टेने म्हणालो, “काय अण्णा, तुमच्या कोल्हापूरचा पैलवान कसा काय आहे?”

“ह्यो पैलवान न्हाई बापू, नट हाय,” ते शांतपणे म्हणाले. “पर तालमीतल्या पोराचं लाजणं त्यानं बराबर धरलंय. अंगात बळ आलं की माणूस लाजाळू हुतो. आपला हात कुणाला लागंल ह्याची भीती वाटती त्याला.”

कोणत्याही समीक्षकाने अभिनयाविषयी इतके नेमके वाक्य लिहिलेले माझ्या वाचनात नव्हते. मी खुर्ची ओढून बसलो. अण्णा पुढे म्हणाले, “तू आपला राणाकडंच बघतोस. त्या पडणाऱ्याकडं बघ. त्यो नीट पडला न्हाई तर ह्याचा डाव दिसंल कसा? त्याचं काम अवघड हाय. मी दोन वर्सं त्येच केलं की.”

आणि मग, त्रेसष्टाव्या वर्षी, प्रथमच ते तालमीविषयी बोलले. पहाटे तीनला उठून जोर-बैठका मारायच्या. मग हौदातील तांबडी माती उकरायची. आणि नंतर मोठे पैलवान लढतीला उतरले की त्यांचा जोडीदार व्हायचे. ज्याचे मैदान जवळ आले असेल त्याला जो डाव घोटायचा असेल तो आपल्या अंगावर घोटू द्यायचा. तो ढाक मारील तर ढाकेवर पडायचे, पट काढील तर पटावर पडायचे, आणि पुन्हा उठून उभे राहायचे. एका सकाळी पन्नास-साठ वेळा. उगीच लोळण घेतली तर वस्तादाची काठी बसे, कारण फुकट पडणाऱ्यावर डाव पक्का होत नाही. आणि हट्टाने अडून राहिले तर समोरच्याचे हाड मोडण्याची धास्ती. जोराने लढायचे, परंतु योग्य क्षणी जायचे. “मैदान मारून त्यो आला की गुलाल त्याच्या अंगावर,” अण्णा म्हणाले, “पर रातच्याला आपल्या ताटात दुधाचा पेला त्योच आणून ठिवायचा. घरच्यासारखं हुतं सगळं.”

दुसऱ्या कुटुंबाविषयीचे ते ठराविक वाक्य! ते इतक्या निराळ्या तोंडून ऐकताना त्याला दोन गुण देण्याचे धैर्य मला झाले नाही. वर्षानुवर्षे तीच माणसे रोज एकमेकांसमोर उभी राहतात, एकमेकांचा डाव दिसावा म्हणून आळीपाळीने पडतात. त्यांत मायेचे नाते जडले तर आश्चर्य कसले? (राणा आणि अंजली झालेल्या त्या दोघांचा पुढे डिसेंबर २०२२ मध्ये पुण्यात खराखुरा विवाह झाला. ते वृत्त मी दूरध्वनीवरून सांगितले, तेव्हा अण्णा म्हणाले, “जोड चांगली लागली.” हा शब्द आखाड्यातला आहे, हे मला आता कळते.) मला माझ्या वर्गाचीही आठवण झाली. कितीतरी वर्षे मी शेक्सपिअरचे ‘अॅज यू लाइक इट’ शिकवीत आलो. त्याच्या पहिल्याच अंकात कुस्ती आहे. ऑर्लँडो दरबारी मल्ल चार्ल्सला चीत करतो आणि रोझलिंड मोहून जाते. त्या प्रसंगावर मी तास न् तास बोललो असेन. परंतु लंडनच्या त्या जुन्या रंगभूमीवर दर प्रयोगाला चार्ल्स होऊन आदळणाऱ्या नटाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

बोलता बोलता मी विचारले, “अण्णा, गुडघा गेला नसता तर तुम्हीही एखादे मैदान मारले असते, नाही?”

“गुडघ्याला काय झालं हुतं?” ते सहज बोलून गेले, आणि मग बोललो हे लक्षात येऊन गप्प बसले.

मला एकदम उमगले की गेला महिनाभर माझ्या घराचे तीन जिने हा माणूस गुडघ्यावर हात न टेकता चढत होता.

हळूहळू सारे बाहेर आले. १९७२चा दुष्काळ. मास्तरांनी लिहून दिलेले वडिलांचे पत्र तालमीत आले, त्यात विहीर आटल्याचे आणि बैल विकल्याचे होते. परंतु खुराकाचे पैसे मात्र उशिरा का होईना, पाठवितो, असे शेवटी लिहिले होते. अण्णांनी ते पत्र घडी करून ठेवले आणि चौथ्या दिवशी लंगडत गावात शिरले. पुढे सहा-सात महिने त्याच गुडघ्याने ते पाझर तलावाच्या कामावर दगड फोडीत होते, सुकडी आणि तांबड्या मिलोच्या भाकरीवर. “आपल्यापायी पोराची तालीम मोडली, आसं बापाला वाटलं असतं तर त्यो जेवला नसता,” ते म्हणाले. “गुडघ्याला काय, कुणाचीबी चूक न्हाई त्यात.”

“पण वडील जाऊन आता पंचवीस वर्षे होऊन गेली, अण्णा!”

“आई हाय की आजून.”

डिसेंबरच्या मध्यावर मी त्यांना गावी पोचवायला निघालो. लोह्याच्या पुढे माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरली होती. एका अंगाला तमाशाच्या कनाती, आणि पलीकडे कुस्त्यांच्या दंगलीसाठी जमलेली गर्दी. हलगीचा आवाज नेमका कोठून येतो ते कळू नये इतके दोन्ही जवळ. वैद्यांनी गर्दी वर्ज्य केली होती, म्हणून अण्णा काच खाली करून रस्त्यावरूनच पाहत राहिले. नंतर अहमदपूर गेले, लातूर गेले. आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

उन्हे कलताना गाडी वाड्यासमोर थांबली. ऐंशी वर्षांची आई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. अण्णा खाली उतरले. पहिल्या पायरीशी ते क्षणभर थांबले, त्यांनी डावा हात गुडघ्यावर टेकला आणि तोंडाने किंचित “हं” केले.

“जपून रे बाबा,” आई म्हणाली, आणि सूप बाजूला सारून तिने त्यांच्यापुढे हात केला. मी मागून त्यांची पिशवी घेऊन चढलो.