पाण्याची चौकशी

पालमच्या बाजारपेठेत गोंदणाचा धंदा मांडल्यापासून येणारे प्रत्येक गिऱ्हाईक नक्षी कोणती, दर काय आणि दुखेल किती, या बाबींची चौकशी बारकाईने करते. परंतु राखाडी छटा उतरविण्यासाठी काळ्या शाईत मी कोणते पाणी मिसळतो, हे अद्याप कोणी विचारलेले नाही. वस्तुतः प्रथम विचारावयाचे ते हेच. २०११ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे एकाच कारागिराकडून गोंदवून घेतलेल्या १९ जणांच्या अंगावर दीर्घकाळ टिकणारे पुरळ उठले, आणि तपासाअंती क्षयजंतूंच्या गोत्रातील, पाण्यात वस्ती करणारा एक जंतू त्याने वापरलेल्या तयार राखाडी शाईच्या सीलबंद बाटलीतही सापडला. सबब मी औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचे निर्जंतुक पाणी आणतो, आणि त्याची कुपी गिऱ्हाइकासमोरच फोडतो.

आमच्या आज्या-पणज्यांचे गोंदण काजळाचे. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या गर्दीत गोंदणारणी एकाच सुयांच्या जुडीने ओळीने बसलेल्या बायांची कपाळे टोचीत आणि वर हळद चोळीत. त्यांच्या हाताची सफाई मला साधलेली नाही, हे मान्य. परंतु एकीचे रक्त दुसरीच्या अंगात पोचविण्याचे कामही तीच जुडी करी, आणि गोंदणावाटे कुष्ठ व क्षय त्वचेत शिरल्याची उदाहरणे आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविली आहेत. तेव्हा जुने ते सारे निर्धोक, ही मखलाशी माझ्यापुढे कोणी करू नये.

सुई दीड-दोन मिलिमीटरच्या खाली उतरता कामा नये. अधिक खोल गेली की रेघ निळसर फुटते व वण राहतो. त्वचेच्या ज्या थरात शाई बसते, त्यातील भक्षकपेशी शाईचे कण गिळतात, मरतात, आणि सुटलेले कण नव्या पेशी पुन्हा गिळतात. काही कण तर लसिकाग्रंथींपर्यंत प्रवास करतात. लाल रंगाशी शरीराचे वैर विशेष. कित्येकदा वर्षे लोटल्यावर तेवढ्याच लाल पाकळ्या खाजून फुगतात.

म्हणून नक्षीच्या वहीआधी मी गिऱ्हाइकाची कानाची पाळी आणि दंडावरील लशीचा वण पाहतो. तेथे गाठ फुगलेली असेल, तर माझी सुईही तशीच गाठ उठवील, असे सांगून त्यास परत पाठवितो. तिळावर तर कितीही दाम मिळाले तरी गोंदीत नाही, कारण पुढे तो तीळ बिघडल्यास डॉक्टरांना दिसणार कसा? रक्तदान शिबिराला दरवर्षी हजेरी लावणाऱ्या तरुणांना मात्र आगाऊच बजावतो, की बाबांनो, आज गोंदलेत तर पुढील १२ महिने तुमचे रक्त घेतले जाणार नाही. त्यांतले काही शिबिर उरकूनच येतात.