शीट म्हणजे शीड नव्हे!

शनिवारची सकाळ. अर्धी मुंबई अजून पांघरुणात आणि तुम्ही सीएसएमटीला उतरून गेटवेच्या दिशेने चाललेले. ऑफिस नाही, त्यामुळे चालही सैल. गेटवेला आलेली बहुतेक मंडळी दोनच गोष्टी करतात. फोटो काढतात, नाहीतर घारापुरीच्या लाँचचं तिकीट. इथे तिसरीही एक गोष्ट करता येते, हे मला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. लाँचच्या डिझेलच्या वासापासून थोडं बाजूला, सिमेंटच्या उतारावर छोट्या छोट्या होड्या पालथ्या-उताण्या पडलेल्या असतात. त्या सरळ करायच्या, शीड चढवायचं आणि निघायचं. इंजिन नाही, हॉर्न नाही, ‘नेक्स्ट स्टेशन’ नाही.

ऐकायला एकदम रोमॅण्टिक वाटतं ना? मलाही वाटलं होतं. प्रत्यक्षात पहिले दोन वीकएण्ड मी फक्त दोऱ्या ओवल्या.

आमची बोट ‘एंटरप्राइझ’ जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज डिझायनरने १९५६ साली ती काढली. लांबी जेमतेम चार मीटर, माणसं दोन, शिडं दोन. मागचं मोठं ते मेन, पुढचं छोटं ते जिब. शिडं निळी, ही तिची ओळख. एवढ्याशा होडीत दोऱ्या किती असाव्यात? मी मोजल्या आणि आठच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे दोरी!’ मराठी माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो. शीड वर चढवणारी दोरी ती हॅलयार्ड. चढवलेलं शीड आत-बाहेर करणारी ती शीट. मेनची मेनशीट, जिबची जिबशीट. मेनशीट म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर समजा. ओढलीत की वेग, सोडलीत की होडी मुकाट्याने थांबते. ब्रेक असा वेगळा नसतोच.

बाकीच्या दोऱ्या शिडाचा आकार ठरवतात. शिडाच्या खालच्या कडेला आडवा दांडा असतो, तो बूम. त्याच्या टोकाकडे शीड ताणणारी ती आउटहॉल. वारा मंद असेल तर ती थोडी सैल सोडायची, म्हणजे शिडाला पोट येतं आणि होडी खेचली जाते. वारा वाढला की ताणायची, पोट सपाट! (आपल्या पोटासाठी अशी दोरी निघाली तर जिमवाल्यांचं काय होईल?) डोलकाठीच्या बाजूची कड खाली ओढते ती कनिंगहॅम. १९५८ साली अमेरिकाज कप जिंकणाऱ्या ब्रिग्ज कनिंगहॅमच्या नावावरून हे नाव पडलं. ती ओढली की शिडाचं पोट पुढे सरकतं, कडेच्या सुरकुत्या जातात.

आणि मग किकर. वारा भरला की बूम वर उचलला जातो, शिडाचा माथा पिळवटतो आणि वरच्या वर वारा सांडून जातो. त्याला खाली दाबून ठेवते ती किकर. तिच्यात कप्प्या असतात. शाळेत कप्पी शिकलो तेव्हा ‘याचा पुढे काय उपयोग?’ असं बाईंना विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे मिळालं. चार पदरी कप्पी असेल तर तुम्ही दहा किलोचा जोर लावायचा, बूमवर चाळीसच्या आसपास येतो. घर्षणाचं कमिशन तेवढं कापून. फुकट मात्र काही नाही, बूम एक वीत खाली यायला दोरी चार विती ओढावी लागते.

हे सगळं पाठ झालं. दोऱ्यांचे रंगही पाठ झाले. मग माझ्यातला टीम लीडर जागा झाला आणि मी धाकट्या बहिणीला म्हणालो, ‘चल, या रविवारी तुला नेतो.’

घरात आधी आईची परवानगी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडे समुद्र हा विषय बंद होता. मी लाइफ जॅकेट दाखवलं, सेफ्टी बोटीचं सांगितलं. आई म्हणाली, ‘मीही येते. काठावर बसते.’ आणि खरंच आली. डबा घेऊन, कट्ट्यावर बसली.

उतारावर आम्ही दोरी ओवत होतो. जिबशीट होडीच्या दोन्ही अंगांच्या कड्यांतून आत येते आणि तिच्या टोकाला गाठ मारायची असते, टोक कड्यातून निसटू नये म्हणून. तिला म्हणतात आठाची गाठ. इंग्रजी आठ बरं का, आपल्या मराठी ८ ची गाठ कुणाला जमायची नाही! बहिणीने विचारलं, ‘दादा, या बाजूला गाठ नको का?’ मी तेव्हा किकरच्या कप्प्यांशी झटत होतो. म्हटलं, ‘अगं, ती मारलेली असणार. तू बस.’

ती बसली. आम्ही निघालो.

शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात? सकाळी जमिनीकडून येणारा मतलई मंदावला, मध्ये तासभर सगळं स्तब्ध झालं आणि दुपारकडे झुकताना खारा वारा सुटला. मुंबई बंदरात तो कुलाब्याच्या इमारतींवरून येतो, म्हणून किनाऱ्याजवळ धड एका दिशेने वाहत नाही. एक झोत इकडून, एक तिकडून. शिवाय ओहोटी लागलेली. पण होडी सुरेख पळत होती. ताजचा घुमट मागे पडला, बहीण हसत होती. मी ऐटीत ओरडलो, ‘वळतोय! जिब सोड!’

तिने सोडली. होडी वळली. दुसऱ्या अंगाची दोरी तिने हातात घेण्याआधीच सर्रकन कड्यातून निघून गेली. टोकाला गाठ नव्हती.

पुढचं शीड मोकाट सुटलं. फटाफट, फटाफट. त्याच्या टोकाची दोरी चाबकासारखी हवेत फिरू लागली. एकटं मेन होडीचं नाक वाऱ्याकडे ढकलत राहिलं आणि होडी ऐन वाऱ्याच्या तोंडावर ठप्प झाली. सुकाणू फिरवून उपयोग नाही, कारण होडी चालतच नव्हती. ओहोटी मात्र चालत होती आणि ती आम्हाला नांगरलेल्या लाँचच्या रांगेकडे नेत होती. मला सरांचं एकही वाक्य आठवेना. कट्ट्यावर आई उभी राहिलेली मला दिसली.

‘दादा, ही दुसरी ओढली तर?’

दुसऱ्या अंगाची जिबशीट अजून जागेवर होती. तिने ती ओढली. मोकाट शीड गपकन आत आलं, त्याचं टोक डोलकाठीशी, तिच्या हाताच्या अंतरावर. शिवाय उलट्या बाजूने वारा भरल्यामुळे होडीचं नाकही हळूहळू वाऱ्यापासून सुटलं. मी मेनशीट सोडून दिली. तिने निसटलेलं टोक पकडलं, कड्यातून ओवलं आणि गाठ मारली. इंग्रजी आठाची. लाँच तेव्हा एवढ्या जवळ होती की तिच्या टपावरचा खलाशी चहा पिता पिता थांबलेला दिसत होता. मी मेनशीट ओढली, होडी चालू लागली आणि आम्ही लाँचच्या मागच्या अंगाने निघून गेलो. सेफ्टी बोट एव्हाना शेजारी आली होती. सर काही बोलले नाहीत. फक्त एक बोट वर केलं, एक गाठ.

परतलो तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीत होतो. आईने आधी बहिणीचा हात बघितला, दोरीने लाल झालेला. मग मला म्हणाली, ‘काय झालं नक्की?’ मी कडं दाखवलं, गाठ दाखवली. ती दोन मिनिटं बघत राहिली.

‘म्हणजे परकराची नाडी आत जाऊ नये म्हणून टोकाला गाठ मारतात, तशीच ना? एवढं साधं आहे, मग का नाही मारली? तिने विचारलं होतं ना तुला?’

कट्ट्यावर बसून तिला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. बहीण दुसरीकडे बघत होती. डब्यात पुरणपोळी होती, ती मी मान खाली घालून खाल्ली.

आता नियम ठरलाय. दोऱ्या मी ओवतो, गाठी ती तपासते. ती ‘हो’ म्हणाल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही.

जायचंय? मग हे वाचा : शिडाच्या होड्यांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात समुद्र बंद. पोहता येत असेल तर उत्तम, लाइफ जॅकेटला मात्र पर्याय नाही. ओले झाले तरी चालतील असे कपडे, घट्ट बसणारे बूट, टोपी, सनस्क्रीन आणि दोरीने हात सोलू नयेत म्हणून ग्लोव्हज. मोबाइल काठावर ठेवा. आणि हो, १९८२च्या एशियाडमध्ये फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ होडीत सुवर्ण मिळवलं, ते याच मुंबईच्या पाण्यात. त्यांच्या एवढं नाही जमलं तरी चालेल. टोकाची गाठ तेवढी विसरू नका.