मावशीची नाइट ड्यूटी

मागच्या रविवारी मावशीकडे गेलो होतो. मावशी नर्स होती, आता रिटायर झालीय. तीन वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सध्या ठणठणीत आहे. चहा गाळता गाळता सहज म्हणाली, "काय रे, इतकी वर्षं नाइट केल्या, त्यानं तर नसेल ना झालं हे?" मी पडलो कॉम्प्युटरवाला. "बघून सांगतो" म्हणालो आणि सुटलो. काल अख्खा शनिवार मग वाचण्यात गेला.

तर मंडळी, आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनं 'पर' आणि 'क्राय' ही जनुकं चालू करतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिनं साठली की ती उलट क्लॉक आणि बीमॅललाच गप्प बसवतात. मग ती स्वतः मोडून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक फेरी साधारण २४ तासांची. आमच्या भाषेत फीडबॅक लूप! हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल याच्याचसाठी मिळालं.

पेशीनं कधी विभागायचं, डीएनए कधी दुरुस्त करायचा, यातही या घड्याळाचा हात असतो. तैवानमध्ये २००५ साली ५५ स्त्रियांच्या स्तनातल्या गाठी तपासल्या, तर बहुतेक गाठींत 'पर' जनुकांचं काम बिघडलेलं दिसलं. पण घड्याळ आधी बिघडलं की कॅन्सरनं ते बिघडवलं? ते यावरून कळत नाही.

रात्रपाळीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या नर्सेसच्या २००१ च्या अभ्यासात, ३० किंवा जास्त वर्षं फिरती रात्रपाळी केलेल्यांमध्ये धोका ३६ टक्के जास्त निघाला. उलट २०१६ मध्ये ब्रिटनच्या संशोधकांना फरक जवळजवळ दिसलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मात्र २००७ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं आणि २०१९ मध्येही तेच कायम ठेवलं.

आज सकाळी मावशीला फोन केला. म्हटलं, धोका थोडा वाढत असेलही, पण एकट्या माणसाला कशानं झालं हे कुणालाच सांगता येत नाही. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "पोरांची शाळा सांभाळायला मीच नाइट मागून घ्यायचे रे. वाटायचं, आपणच ओढवून घेतलं."

"नाही गं मावशी," एवढंच बोलता आलं मला. हे विचारायचं होतं तिला, आणि मी जनुकं वाचत बसलो होतो.

असो. उद्या सपोर्ट टीमचा रोस्टर मलाच बनवायचाय. गेले चार महिने नाइटला एकाच मुलीचं नाव टाकतोय, कारण ती कधी कुरकुरत नाही. उद्या आधी तिला विचारणार.