शिडीनं वर, गणेशानं खाली

एकट्यानं डोंगर चढला की मन शांत होतं, असं सांगणारी माणसं बहुधा वाटाड्या घेऊन गेलेली असतात. माझं मन अशा दिवशी वाण्याच्या गल्ल्यावर बसलेलं असतं. पाणी किती संपलं, ऊन कुठवर उतरलं, मघाशी डावीकडं गेलेली ती ढोरवाट हीच खरी वाट तर नव्हती? सारखी मोजदाद. चौघांत असलं की हे काम वाटून घेतलं जातं आणि बरंचसं गप्पांत बुडून जातं. एकटीला सुट्टी नाही. तरीही थंडी पडली की एखादा दिवस भीमाशंकरसाठी मोकळा ठेवल्यावाचून मला राहवत नाही.

कोकणातून भीमाशंकरला चढायच्या दोन जुन्या वाटा कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून निघतात. गावाबाहेर पुलापाशी त्या फुटतात, डावीकडं शिडी घाट, उजवीकडं गणेश घाट. डोंगराच्या मध्यावर त्या पुन्हा एकत्र येतात आणि शेवटची चढण दोघींची एकच. ट्रेकर मंडळी याला लूप म्हणतात. म्हणोत बापडी, खरं तर फेरी होते ती खालच्या अर्ध्या डोंगराचीच. चढाई एकूण 800 ते 900 मीटरची. पाय सवयीचे असले तर उजेडात निघून उजेडात परत येता येतं, पण मध्ये ताणून द्यायची सोय नाही.

डिसेंबरातली सकाळ. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते खुंट. झाडीतून ओढ्याच्या कडेनं चढत गेलं की एकदम काळा कडा समोर उभा राहतो. पहिली शिडी लोखंडी गजांची, कड्याला टेकवून बांधलेली. पायऱ्यांमधलं अंतर सारखं नाही. एखादा गज मधोमध वाकलेला, असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेला. हात लोखंडावर आणि नाक कातळापासून वीतभर अंतरावर असलं की मग दगड खरा दिसतो. बारीक भोकाभोकांचा, काही भोकांत पांढरे स्फटिक, सावलीतल्या भेगेत अजून ओलं असलेलं शेवाळ, आणि त्या शेवाळावरून आपल्याच कामाला निघालेली मुंग्यांची रांग. शिड्यांच्या मध्ये घळीसारखी जागा आहे, तिथं टेकता येतं. पुढं एक आडवा टप्पा येतो. पायाला जागा आहे, हाताला खोबणी आहेत. फक्त एका बाजूला काहीच नाही. पाठीवरची सॅक फुगलेली असेल तर ती कड्याला घासते आणि तुम्हालाच बाहेर रेटते. म्हणून बाकी सगळं कमी करावं, पाण्याचे 3 लिटर सोडून. ‘आता उजवा पाय खाली घे’ असं सांगायला तिथं कुणी नसतं. मग मीच मोठ्यानं सांगते आणि मीच ऐकते. इतकं निमूटपणे मी एरवी कुणाचं ऐकत नाही.

शिड्या संपल्या की थोड्या चढानंतर पदर लागतो. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे थर एकावर एक पसरत गेले. कठीण थराचा कडा राहिला, ठिसूळ थर झिजत मागं सरकला आणि मध्ये सपाटी तयार झाली. कडा, पदर, पुन्हा कडा. त्यामुळे इथली चढण सलग नसते. आधी छाती फोडते, मग मैदान हाती देते, आणि आता माथा आलाच असं वाटतंय तोवर झाडीच्या वरून दुसरी भिंत डोकावते. नवख्यांचा धीर सुटतो तो इथंच.

पदरावर पदरवाडी म्हणून मोजकी घरं आहेत. एका झापाखाली आजी लिंबू सरबत विकत होत्या.

“एकलीच आली क?”

“हो आजी, एकटीच.”

“मागनं कुनी येतंय?”

“नाही.”

त्यांनी जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि सरबतात आणखी एक चमचा साखर घातली. शिड्यांनी आले म्हटल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही. डोंगराखालच्या बाजारातून पीठ-मीठ वाडीत येतं ते माणसांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून. “तुमी फिराया येता,” त्या म्हणाल्या, “आमाला पोटासाठी उतराया लागतं.” मी ग्लास धुऊन परत दिला. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

वरच्या टप्प्यात जंगल दाट होतं. अंजन, जांभूळ, हिरडा. पायाखाली पाचोळा, डोक्यावर छत, आणि डिसेंबरातही घाम पुसत चढावं असा उभा चढ. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं, साधारण 130 चौरस किलोमीटरचं, आणि त्याची ओळख म्हणजे शेकरू, आपला राज्यप्राणी. तो दिसण्याआधी ऐकू येतो. कुणीतरी वाळक्या शेंगा खुळखुळवतंय असा आवाज. मी थांबले तसा आवाजही थांबला. मग पानांतून आधी शेपूट दिसली, धडाहूनही लांब, टोकाकडं फिकट. मागच्या पायांनी फांदी धरून स्वारी उलटी लोंबत होती. एका बाजूला शेपूट, दुसऱ्या बाजूला धड, पुढच्या दोन हातांत फळ. साल सोलून खाली टाकायची, गर खायचा. तीन-चार साली माझ्या पुढ्यात पडल्या. वर फांद्यांच्या अगदी शेंड्याला काटक्यापानांचं गोल घरटं होतं. शेकरू अशी एकाहून अधिक घरटी बांधतो, आणि तीही अशा बारीक फांद्यांवर की जड शिकाऱ्याचा भार तिथं पेलू नये. चौघं असतो तर त्यातल्या कुणीतरी फोटोसाठी पुढं सरकून त्याला पळवलं असतं. एकटं असण्याचा मला ठाऊक असलेला नगद फायदा हा एवढाच.

माथा मात्र या दिवसाचा सगळ्यात गजबजलेला आणि सगळ्यात कमी डोंगराळ भाग. मंचरकडून डांबरी रस्ता आलेला; एसटी, गाड्या, पेढे, प्रसाद, फुलांच्या टोपल्या. घामानं थबथबलेली मी इस्त्रीच्या साड्यांच्या रांगेत उभी राहिले तेव्हा मुंबईकडून चालत आले हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. देवळाच्या आवारात टांगलेली ती मोठी घंटा मात्र मी दर वेळी जाऊन बघते. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. इथं उभं राहून पाण्याचा विचार केला की मजा वाटते. डोंगराच्या पूर्वेला पडलेला थेंब भीमेत जातो, पंढरपूरला वळसा घालतो, रायचूरजवळ कृष्णेला मिळतो आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचतो. पश्चिमेला, मी चढून आले त्या बाजूला पडलेला थेंब उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरून वसईच्या खाडीला लागतो. म्हणजे पाणी सह्याद्रीवरून वसईकडं गेलं आणि घंटा वसईहून सह्याद्रीवर आली. ती चढवणाऱ्यांच्या खांद्यांचं काय झालं असेल, याची नोंद मात्र बखरी ठेवत नाहीत.

दर्शन घेऊन 1 वाजता मी पाठ फिरवली. पदरापर्यंत आल्या वाटेनं, तिथून डावीकडं गणेश घाट. ही वाट सौम्य आणि लांब, पदरगडाच्या कुशीतून आडवी जाणारी. पदरगडाचा सुळका, कलावंतिणीचा महाल म्हणतात तो, बराच वेळ सोबत करतो. तास झाला तरी तो आहे तिथंच वाटतो. डोंगराची ही बाजू पश्चिमेला तोंड करून बसलेली, त्यामुळे दुपारभर ऊन डोळ्यांत. गवत वाळून पिवळं पडलेलं, पायाखाली मुरूम आणि बारीक घसारा. चढताना दम लागतो, पण दम पाच मिनिटांत परत येतो. गुडघ्यांचं तसं नसतं. उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेक दाबत टाकावं लागतं, आणि लक्ष उडतं ते नेमकं घर जवळ आल्यावर. म्हणून गणपतीचं छोटं देऊळ लागलं की मी तिथं मुद्दाम बसते, उरलेली चिक्की खाते, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधते. देवळाच्या पायरीवरून खांडसची घरं दिसतात, त्यांतून निघालेला चुलींचा धूर दिसतो. घाई करायला यापेक्षा मोठं आमिष नसतं, आणि ती करायची नसते.

जाणार असाल तर शिडी घाटानं चढा आणि गणेश घाटानं उतरा. उलटं करू नका. शिडीवरून उतरताना पुढचा गज दिसत नाही, पायानं चाचपत शोधावा लागतो. पावसाळ्यात शिड्यांच्या वाटेला जाऊच नका, मग सोबत दहा जण का असेनात. वरून पुण्याकडं निघून जायचा मोह आवरा, निदान खाली कळवल्याशिवाय तरी जाऊ नका. खांडसमध्ये जिथं चहा घ्याल तिथं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा, आणि संध्याकाळी ‘आलो’ म्हणून सांगितल्याशिवाय गाडीत बसू नका. ती माणसं खरोखर वाट बघत असतात, आणि अंधार पडला तर बॅटरी घेऊन शोधायला तीच चढणार असतात.