राखेखालचा विस्तव

आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली जो लाल सिलिंडर उभा असतो, त्याच्याकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? गृहिणी पाहते ती तो संपत आला की काय या धास्तीने, आणि यजमान पाहतात ते त्याच्या किमतीच्या आठवणीने. पण एकदा त्याच्या कमरेवरून हात फिरवून पाहा. मधोमध एक उंचवटा सगळीकडून फिरलेला लागेल. दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात, तशा दोन भागांचा हा सिलिंडर केलेला असतो. घरातली सारी माणसे त्या करगोट्याच्या भरवशावर निर्धास्त जेवतात. हा सांधा ज्या रीतीने सहसा जोडतात, तिचे नाव ‘सबमर्ज्ड आर्क वेल्डिंग’. कारखान्यातली मंडळी नुसते ‘सॉ’ म्हणून मोकळी होतात.

ही विद्या मला मिळाली ती आमच्या थोरल्या मेहुण्यांकडून. ते गोंदियाला एका लहानशा कारखान्यात वेल्डर आहेत. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला खरा, पण दोघांच्या घरचे धान एकच. जिकडे तिकडे भाताच्या गिरण्या. उसना तांदूळ करायचा तर वाफ हवी, वाफेला बॉयलर हवा, आणि बॉयलरखाली जाळायला धानाचाच कोंडा! असले बॉयलर आणि टाक्या मेहुण्यांच्या कारखान्यात होतात.

तीस वर्षे त्यांनी हातानेच वेल्डिंग केले. हातातल्या कांडीचे टोक आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटते, ती नुसत्या डोळ्यांनी पाहण्याजोगी नसते. तोंडापुढे काळी काच असली तरी एखादा क्षण चुकतोच. मग रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होई आणि वहिनी बटाट्याच्या चकत्या घेऊन उशाशी बसत. ‘वेल्डरच्या घरी बटाटा भाजीला कमी आणि डोळ्याला जास्त,’ असे त्या हसत म्हणत. पण ते हसू काही खरे नव्हे.

आता कारखान्यात यंत्र आले आहे. ते चालताना पाहिले तेव्हा मला प्रथम वाटले, वीजच गेली असावी. ना लखलखाट, ना ठिणग्या, धूर म्हणाल तर नावापुरता. पत्रा वाकवून केलेले भलेमोठे नळकांडे रुळांवर संथपणे फिरत होते आणि वरून एक नळी त्याच्या सांध्यावर रव्यासारखी भुकटी सोडत होती. त्या ढिगात तांब्याचा मुलामा दिलेली तार रिळावरून अखंड उतरत होती. बस्स, एवढेच!

पण त्या ढिगाखाली काय चालले होते! आपल्या घरच्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. त्या तारेतून सहाशे अँपिअर वाहत होते. व्होल्ट मात्र तीसच्या आसपास. तारेच्या टोकाशी ज्योत पेटते, तार आणि पत्र्याच्या कडा वितळून एकजीव होतात. भुकटीचा काही भागही वितळतो आणि त्या रसावर साय धरतो, म्हणजे हवेतला प्राणवायू आणि नत्र आत शिरत नाहीत. थंड झाल्यावर ही साय खपलीसारखी सुटते आणि खाली गुळगुळीत जोड दिसतो. न वितळलेली भुकटी ओढून घेऊन चाळून पुन्हा वापरतात. आमची आजी रात्री चुलीतला विस्तव राखेने झाकून ठेवी, त्याची मला आठवण झाली. झाकलेला म्हणजे विझलेला नव्हे.

ही युक्ती १९३५ च्या सुमारास अमेरिकेत निघाली. पुढे कीव्हच्या पाटन या पंडिताने तिचा ध्यास घेतला. दुसऱ्या महायुद्धात रशियाचे रणगाडे याच रीतीने जोडले गेले. नीपर नदीवर दीड किलोमीटर लांबीचा, रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जोडलेला पूल नोव्हेंबर १९५३ मध्ये खुला झाला. पाटन मात्र त्याच ऑगस्टात वारले होते. आपल्याकडे तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. तसल्या प्रचंड बॉयलरच्या भिंती म्हणजे नळ्यांच्या रांगाच, आणि नळीला पट्टी जोडण्याचे कामही कारखान्यांतून याच रीतीने होते.

मी मेहुण्यांना विचारले, “दादा, मग आता तुमच्या हाताला काम काय उरले? बटण दाबायचे आणि उभे राहायचे!”

ते म्हणाले, “भाऊजी, दिसते तेव्हा हात सावरता येते. आता दिसतच नाही, तं आधीच शहाणे व्हा लागते.”

कडा नीट घासल्या का, दोन पत्र्यांतली फट सारखी आहे का, तार बरोबर सांध्यावर येते का, नळकांड्याचा वेग जमला का, हे सगळे ढीग पडण्यापूर्वी. आणि सर्वांत मोठे पथ्य ओलीचे. गोंदियाचा पाऊस ठाऊक आहे ना? भुकटीने ओल धरली की त्या पाण्यातला हायड्रोजन जोडात शिरतो. जोड वरून देखणा दिसतो, आणि कधी कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतल्या आत तडकतो! म्हणून भुकटी भट्टीत तीनशे अंशांपर्यंत तापवून वाळवतात. घाईच्या दिवसांत मालक म्हणतात, ‘चालेल हो, कालच तर पोते फोडले.’ मेहुणे ऐकत नाहीत. पुढे क्ष-किरणांनी तपासणी होते, पाण्याच्या दाबाची कसोटी होते. पण त्यांची स्वतःची कसोटी त्या भट्टीपाशी लागते. या हट्टापायी एकदा त्यांचे दोन दिवसांचे वेतन कापले गेले. वहिनींनी त्यावर अवाक्षर काढले नाही, पण मला सांगितले मात्र.

यंत्राला सगळेच काम येते असेही नाही. उभ्या सांध्यावर किंवा डोक्यावरच्या जोडावर भुकटी ठरत नाही, ती घसरून पडते. वाकड्यातिकड्या जागी यंत्राचे चाक पोचत नाही. बॉयलरचे पाय, बारक्या नळ्या, कानेकोपरे अजून हातानेच होतात. एक पोरगेला मुलगा कोपऱ्यात ते काम करीत होता.

मेहुणे माझ्याशी बोलत होते, पण कान ढिगाखालच्या गुरगुरीकडे होते आणि नजर अँपिअरच्या काट्यावर. मध्येच एकदम मान वळवून त्यांनी हाक दिली, “ए पोरा, काच खाली घे! बटाटे स्वस्त झाले काय रे?”